स्वस्त विमान आणि आपलें शहर

विमानप्रवास हा श्रीमंतांचा षोक, ही समजूत आतां मागें पडली आहे. चिकलठाण्याच्या विमानतळावर व्यापाऱ्यांच्या शेजारीं नातवंडांसाठीं लाडवांचा डबा सांभाळीत बसलेल्या आजीबाईही दिसतात. परंतु हा स्वस्तपणा येतो कोठून आणि टिकतो कशानें, याचा विचार घरोघरीं व्हावयास हवा.

हा कांहीं धर्मादाय नव्हे. शक्यतों एकाच जातीचीं विमानें ठेवावयाचीं, म्हणजे वैमानिकांचें शिक्षण व सुटे भाग यांचा खर्च वांचतो. विमान जमिनीवर अर्ध्या तासाहून फारसें थांबूं द्यावयाचें नाहीं. खाणें व जादा सामान यांचे पैसे निराळे घ्यावयाचे. मलेशियांत एअर एशियानें २००१ मध्यें हाच मार्ग धरला; आपल्याकडे कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कननें २००३ मध्यें तो आणला.

आमच्या शहरानें या धंद्याची चंचलताही पाहिली आहे. एप्रिल २०१९ मध्यें जेट एअरवेज बंद पडली आणि येथील वाहतुकीचा मोठा आधार गेला. फेब्रुवारी २०२० मध्यें इंडिगो आली. दुसऱ्याच महिन्यांत साथीमुळें देशांतील उड्डाणें थांबलीं, तीं मे महिन्यांत पुन्हां सुरू झालीं. शेजारच्या नांदेडास २०१७ मध्यें ‘उडान’ योजनेखालीं हैदराबादचें विमान मिळालें. पण या योजनेंतील सरकारी मदत तीन वर्षांपुरतीच असते. पुढें २०२२ मध्यें ट्रूजेट कंपनीच थांबली.

यांतील मर्म एवढेंच कीं, रूळ एकदां टाकले म्हणजे सहसा कोणी उचलीत नाहीं. विमान मात्र उद्यां दुसऱ्या गांवीं नेतां येतें. इंडिगोनें जून २०२३ मध्यें एकदम ५०० विमानांची मागणी नोंदविली आणि त्याच वर्षीं मुंबईहून जकार्ता गांठलें. अशा कंपनीला जकार्ता काय आणि संभाजीनगर काय, जेथें खुर्च्या भरतील तें गांव आपलें!

अजिंठा-वेरूळचे पाहुणे बहुतेक हिंवाळ्यांत येतात. उरलेल्या आठ महिन्यांच्या खुर्च्या आपणच भरावयाच्या आहेत. म्हणून आमच्या मतें, सामानाचे पैसे धरून भाड्याचा हिशेब घरांत अवश्य करावा; परंतु मुंबईस किंवा दिल्लीस जातांना तो पुण्याच्या विमानतळापर्यंतची मोटार, वाटेंतला मुक्काम आणि वडील माणसांची दगदग धरून करावा. तसा हिशेब केल्यास पुष्कळदां घरचेंच विमान स्वस्त ठरेल आणि तें शहरांत टिकेलही.