खेळातले पात्र आणि खेळणाऱ्याचे शील

दिवाळीची सुट्टी संपवून मुले वसतिगृहात परततात, तेव्हा त्यांच्या पेट्यांतून फराळाबरोबर घरचे काही तंटेही येतात. असाच एक तंटा काही वर्षांपूर्वी माझ्यापुढे आला. इयत्ता नववीतले दोन जिवलग मित्र एकमेकांशी बोलेनासे झाले होते. चौकशी केली, तेव्हा कळले की, सुट्टीत दोघेही आपापल्या गावी वडिलांच्या मोबाइलवर एक ऑनलाइन खेळ खेळत होते. एकाने दुसऱ्याला आपल्या गटात घेतले, रात्री जागून खेळाचे डावपेच शिकवले. आणि सुट्टीच्या शेवटच्या दिवशी त्या शिकलेल्या मित्राने गटाने जमवलेला सारा साठा उचलून विरुद्ध गटाला नेऊन दिला. मी त्याला कारण विचारले. तो अगदी शांतपणे म्हणाला, "सर, तो मी नव्हतो. माझं पात्र ठगाचं होतं. ठगानं ठगासारखंच वागायला नको का?" दुसरा मुलगा खाली मान घालून म्हणाला, "सर, तो साठा खोटा होता हे मलाही कळतं. पण मी रात्रभर जागलो, ते खरं होतं."

मी इतिहासाचा शिक्षक. या खेळांचा मला गंध नव्हता. मात्र "तो मी नव्हतो" हे उत्तर मला स्वस्थ बसू देईना. ज्या संस्थेच्या दिनक्रमाचा आरंभ त्रिसरण-पंचशीलाने होतो, तेथे हे उत्तर मान्य करायचे की नाही, हे ठरवणे भाग होते. म्हणून या खेळांविषयी वाचले, मुलांना विचारले. त्यातून जे हाती आले, ते माजी विद्यार्थ्यांपुढे आणि पालकांपुढे मांडत आहे. आज बहुतेक घरांत हा प्रश्न मोबाइलच्या रूपाने येऊन बसला आहे.

या खेळांना रोल-प्लेइंग गेम, म्हणजे भूमिकेचे खेळ, म्हणतात. बुद्धिबळात आपण सोंगटी हलवतो. येथे आपण एक माणूस होतो. त्याला नाव, स्वभाव, कौशल्य, पूर्वायुष्य असते. या प्रकाराचा पाया अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाने घातला. तो संगणकाविना, टेबलाभोवती बसून, कागद-पेन्सिल आणि फासे घेऊन खेळला जाई. पुढे १९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी अनेकांना एकाच वेळी वावरता येईल असे केवळ शब्दांचे जग संगणकावर उभे केले. त्याच वाटेने पुढे १९९७ चा 'अल्टिमा ऑनलाइन' आणि २००४ चा 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हे खेळ आले आणि जगभरचे लोक एकाच कल्पित भूमीवर भेटू लागले.

या खेळांत चांगला खेळाडू कोणाला म्हणावे, याचा एक संकेत आहे. त्याचे पात्र सुसंगत असले पाहिजे. कंजूष व्यापारी अकारण दानशूर होऊ नये. भित्रा शिपाई एका रात्रीत शूर झाला, तर त्याला काही कारण हवे. भूमिकेतले बोलणे आणि भूमिकेबाहेरचे बोलणे वेगळे ठेवावे, खेळाडू म्हणून कळलेली गोष्ट पात्राला आपोआप माहीत झाली असे मानू नये, असेही नियम अनेक ठिकाणी असतात. हा संकेत मुळात चांगला आहे. कथा त्यामुळेच उभी राहते. परंतु त्याच संकेताच्या आडून एक सबबही जन्माला येते: "मी काय करू, माझे पात्रच तसे आहे." आमच्या विद्यार्थ्याने दिलेले उत्तर या खेळांच्या जगात फार जुने आहे आणि तेथील जाणते खेळाडूही त्याला कंटाळलेले आहेत.

पात्राचा स्वभाव ठरवण्यासाठी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ने एक चौकट दिली. आरंभी नियम मानणारा, मधला आणि नियम झुगारणारा असे तीनच कल होते. पुढे त्यात सज्जन-दुर्जन असा दुसरा अक्ष मिळून नऊ घरे झाली. खेळाडू आपले घर स्वतः निवडू शके. मात्र खेळातील अनेक जमातींना ही मोकळीक नव्हती. ऑर्क नावाची जमात घ्या. नियमपुस्तकातच तिच्या नावापुढे 'दुष्ट' असे लिहिलेले असे. ऑर्कच्या पोटी जन्मला तो दुष्ट, मग त्याने काही केलेले असो वा नसो. आपल्या समाजातील वाचकाला येथे थांबावेसे वाटेल. जन्मावरून स्वभाव आणि स्वभावावरून वागणूक ठरवणारे नियमपुस्तक आपल्याला नवे नाही. वासेट्ठ सुत्तात दोन तरुण ब्राह्मण नेमका हाच वाद घेऊन तथागतांकडे येतात, आणि माणूस जन्माने नव्हे तर कर्माने ओळखावा, असा निवाडा तथागत देतात. या खेळाच्या प्रकाशकांना जून २०२० मध्ये जाहीरपणे मान्य करावे लागले की, संपूर्ण जमातच दुष्ट दाखवण्याची रीत ही खऱ्या जगातील समूहांच्या बदनामीशी मिळतीजुळती आहे आणि ती बदलली पाहिजे. छापल्या गेलेल्या कल्पित जमातीलाही न्याय मिळायला सेहेचाळीस वर्षे लागली!

नैतिक निवडीचा गंभीर विचार करणारा पहिला संगणकीय खेळ म्हणून १९८५ च्या 'अल्टिमा' मालिकेतील चौथ्या खेळाचे नाव घेतले जाते. त्याचे कर्ते रिचर्ड गॅरियट. आधीच्या खेळांत खेळाडू गावकऱ्यांना लुटून, मारूनही शेवटी नायकच ठरे. या खेळात गॅरियट यांनी शेवटी मारण्यासाठी खलनायकच ठेवला नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, सन्मान, अध्यात्म आणि नम्रता हे आठ गुण अंगी बाणवणे, हेच खेळाचे ध्येय. त्यात औषधी वनस्पती विकणारी एक अंध दुकानदार आहे. किती पैसे ठेवायचे, ते खेळाडूनेच सांगायचे. कमी ठेवले, तरी ती बिचारी वस्तू देते. पडद्यावर काहीही उमटत नाही, कोणी रागवत नाही. पण आत कोठेतरी खेळ त्याची नोंद ठेवतो, आणि पुढे फार उशिरा खेळाडूला उमगते की, आपली वाट अडली आहे ती त्या चार पैशांनी. कोणी पाहत नसताना माणूस काय करतो, यावर शील ठरते, हे या खेळाने मुलांना उपदेशाविना दाखवले.

पुढच्या काळात मात्र हीच नोंद उघड झाली आणि तिचे गुणपत्रक बनले. २००३ च्या 'स्टार वॉर्स'वर आधारित 'नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक'मध्ये प्रकाशाची बाजू आणि अंधाराची बाजू दाखवणारी पट्टीच आहे. २०१० च्या 'मास इफेक्ट'च्या दुसऱ्या भागात काही महत्त्वाची वाक्ये उच्चारण्याची मुभा एका बाजूचे पुरेसे गुण साठवणाऱ्यालाच मिळते. प्रसंग पाहून कधी कठोर, कधी मृदू वागणाऱ्याच्या हाती ती वाक्ये लागत नाहीत. त्यामुळे खेळाडू विचार करणे सोडतो. आपली बाजू कोणती, एवढे पाहून बटण दाबतो. येथे सुसंगती आहे, पण विवेक नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे निर्मूलन' या भाषणात नियम आणि तत्त्व यांतील जो भेद सांगितला, तो येथे उपयोगी पडतो. नियम काय करायचे ते ठरवून देतो, म्हणून तो पाळणाऱ्यावर जबाबदारी उरत नाही. तत्त्व केवळ कसोटी देते. निर्णय आपला आपल्यालाच करावा लागतो, म्हणून त्याची जबाबदारीही आपली. गुण साठवण्यासाठी केलेले सत्कर्म हे नियमाचे पालन झाले. त्याला शील म्हणता येत नाही.

याउलट एक छोटी, पण विचार करायला लावणारी योजना २०११ च्या 'स्टार वॉर्स : द ओल्ड रिपब्लिक' या ऑनलाइन खेळात आढळते. गटाने संवाद करताना प्रत्येक जण आपले उत्तर निवडतो आणि कोणाचे उत्तर उच्चारले जाईल, ते फाशाने ठरते. कैद्याला सोडा असे मी म्हटले आणि मारा म्हणणाऱ्या साथीदाराचा फासा लागला, तर कैदी मरतो. पण माझ्या खात्यावर माझ्याच निवडीची नोंद होते. तथागतांनी चेतनेला, म्हणजे हेतुपूर्वक संकल्पाला, कर्म म्हटले आहे. परिणाम आपल्या हातात नसला, तरी संकल्प आपला असतो, ही गोष्ट या योजनेतून नववीच्या मुलालाही समजावून देता येते.

आतापर्यंतची उदाहरणे बहुतांशी माणूस आणि यंत्र यांच्यातील होती. ऑनलाइन खेळात पलीकडे माणूस असतो आणि तेथे प्रश्नाचे स्वरूपच पालटते. याचे सर्वांत बोलके उदाहरण १९९३ सालचे आहे. अमेरिकेतील 'लॅम्डामू' हे केवळ शब्दांनी बनलेले जग पावेल कर्टिस या संशोधकाने उभारले होते. तेथे एका खेळाडूने आपल्या दुष्ट विदूषकाच्या पात्राकरवी, एका छोट्या प्रोग्रामच्या साह्याने, इतरांच्या पात्रांवर सर्वांसमक्ष शब्दांतून लैंगिक अत्याचार घडवला. ती पात्रे स्वतःच ती लाजिरवाणी कृत्ये करीत आहेत, असे सर्वांच्या पडद्यावर उमटत राहिले. ज्युलियन डिबेल या पत्रकाराने त्याच वर्षी हा प्रसंग लिहून प्रसिद्ध केला. एका पीडित स्त्रीने त्याविषयी लिहिताना तिच्या डोळ्यांतून खरे अश्रू वाहत होते, अशी त्यात नोंद आहे. पुढे सर्वांची सभा भरली. त्या खेळाडूला जाब विचारला गेला, तेव्हा त्याच्या सांगण्याचा आशय एवढाच होता की, माझ्या खऱ्या आयुष्याशी याचा काही संबंध नाही. म्हणजे पुन्हा तेच: तो मी नव्हतो.

सभेत निर्णय झाला नाही. नंतर एका व्यवस्थापकाने एकट्याच्या अधिकारात ते पात्र नष्ट केले. अनेकांना हायसे वाटले; पण एका माणसाच्या मर्जीने शिक्षा व्हावी का, हा प्रश्न उरलाच. अखेर कर्टिस यांनी रहिवाशांना अर्ज मांडण्याची आणि मतदानाने निर्णय घेण्याची पद्धत सुरू केली. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा क्रम ओळखीचा वाटेल: आधी अत्याचार, मग एकाची हुकमत, मग कायदा. संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी बजावले होते की, संविधानिक नीती ही माणसात उपजत नसते, ती जोपासावी लागते. कल्पित जगातही ती उपजत आढळली नाही.

येथे कोणी रास्त शंका घेईल. नाटकातला नट खलनायक रंगवतोच ना? प्रभाकर पणशीकरांनी 'तो मी नव्हेच'मधला लखोबा लोखंडे रंगवला, म्हणून त्यांना कोणी भामटा म्हटले नाही. खरे आहे. पण रंगमंचावर फसवली जाणारी व्यक्तीही नटच असते. तिने संहिता वाचलेली असते, प्रयोग संपल्यावर दोघे एकत्र चहा घेतात. म्हणजे कसोटी पात्र सुष्ट की दुष्ट ही नाही. समोरच्याची संमती आहे की नाही, ही आहे. फसवणूक हाच ज्या खेळाचा मान्य नियम आहे, तेथे ठगाची भूमिका करण्यात दोष नाही. पण आमच्या विद्यार्थ्याला शिकवण्यासाठी जो रात्रभर जागला, तो गटाचा म्होरक्या म्हणून जागला नव्हता, मित्र म्हणून जागला होता. पात्राने लुटला तो साठा. मुलाने वापरला तो खेळाबाहेरचा विश्वास.

राजस्थानात बैराट येथे सापडलेल्या आणि आज कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत असलेल्या शिलालेखात सम्राट अशोकाने भिक्खूंनी व उपासकांनी वारंवार ऐकावेत अशा सात धम्मवचनांची नावे कोरली आहेत. त्यांत तथागतांनी राहुलाला खोटे बोलण्याविषयी केलेला उपदेश आहे. राहुल तेव्हा लहान होता. त्या उपदेशात थट्टेतही खोटे बोलू नये असे सांगितले आहे आणि आरशाचा दृष्टान्त दिला आहे. आरसा जसा पाहण्यासाठी, तसे कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावरही पाहावे: यातून मला, दुसऱ्याला किंवा दोघांना इजा होते का?

पालकांना माझी विनंती एवढीच आहे. मोबाइल हिसकावून घेतल्याने हा प्रश्न मिटत नाही, आणि "खेळच आहे" म्हणून सोडून दिल्यानेही मिटत नाही. मुलाजवळ बसून विचारावे: तुझे पात्र कोण आहे? ते तूच निवडलेस का? आज त्याने कोणाशी काय केले? पलीकडे कोण होते? ते हसले की दुखावले? हे विचारायला खेळ येण्याची गरज नाही. माझ्या निरक्षर आईनेही ते सहज विचारले असते.

त्या मुलाला मी शिक्षा केली नाही. त्याला एवढेच विचारले, "ठगाला ठगासारखे वागावे लागते हे मान्य. पण ठग व्हायचे कोणी ठरवले?" तो बराच वेळ गप्प उभा राहिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या वंदनेच्या वेळी तो आपली नेहमीची जागा सोडून मित्राच्या शेजारी जाऊन बसला. मित्राने त्याच्याकडे पाहिले नाही. पण चटई थोडी त्याच्या बाजूला सरकवली.