पैसे भरण्याआधी जर्नल तपासा
यूजीसी-केअर यादी बंद झाल्याचं फेब्रुवारी 2025 मध्ये जाहीर झालं. आता जर्नलची पारख आपणच करायची. मी एकदा फसलो आहे. ईमेलमधली लिंक उघडली, नाव आणि आयएसएसएन दोन्ही खरे, म्हणून पैसे भरले. वेबसाइट मात्र नकली! आयएसएसएन हा नुसता ओळखक्रमांक, दर्जाचं प्रमाणपत्र नव्हे. कुणीही तो उचलून छापतो. त्यामुळे आता आयएसएसएन पोर्टलवर क्रमांक टाकून नोंदीतला वेबपत्ता जुळवतो. जुन्या लेखाचा डीओआय तपासतो; तो उघडलाच नाही किंवा भलतीकडे गेला, की समजायचं. संपादक मंडळातल्या एक-दोघांना त्यांच्या विद्यापीठाच्या ईमेलवर विचारतो. मागे एका संपादकांना आपलं नाव तिथं आहे हेच माहीत नव्हतं.