शनिवारचा तवा

गेल्या मार्चमध्ये आमचं कॅफे बंद झालं. वायव्य लंडनमधल्या एका बसस्टॉपसमोरचं, दहा-बारा टेबलांचं, सायप्रसहून आलेल्या एका नवरा-बायकोनं चालवलेलं. भाडेकराराची मुदत संपली, जागामालकानं नवा आकडा सांगितला, तो त्यांच्या आवाक्यातला नव्हता. उन्हाळा लागेपर्यंत तिथं ब्रंचचं दुकान उभं राहिलं. पांढऱ्या भिंती, लोंबते दिवे, एका प्लेटला पंधरा पौंड. टेबल फोनवरून राखून ठेवावं लागतं आणि नव्वद मिनिटं झाली की एक मुलगी हसतमुखानं येऊन उठायला सांगते. मी एकदा गेले. पुन्हा त्या दारात पाऊल टाकणार नाही.

राग पंधरा पौंडांचा नाही. महागाई सगळीकडेच आहे. राग त्या नव्वद मिनिटांचा आहे. या शहरात ज्यांचं स्वतःचं काही नव्हतं, अशा माणसांना एका चहाच्या जोरावर अर्धा दिवस बसू देणाऱ्या जागा म्हणजे ही जुनी कॅफे होती. ती एकेक करून जात असताना हळहळ व्यक्त करायला पुष्कळजण पुढे आले, वाचवायला मात्र कोणी आलं नाही. हे कधीतरी लिहायला हवं होतंच.

ज्यांनी या कॅफेंमधली नाश्त्याची प्लेट पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. दोन अंडी, बेकन, सॉसेज, बेक्ड बीन्स, अर्धा टोमॅटो, मशरूम आणि 'फ्राइड स्लाइस', म्हणजे बेकनच्या सुटलेल्या चरबीत तळलेला पाव. कुणी ब्लॅक पुडिंग मागतं, कुणी हॅश ब्राउन. जुन्या जागी 'बबल अँड स्क्वीक' मिळतं : आदल्या दिवशीचा उरलेला बटाटा आणि कोबी तव्यावर कडा करपेपर्यंत परतलेला, फोडणीच्या पोळीचा थेट चुलतभाऊ. सोबत बटर लावलेले दोन टोस्ट आणि मगभर तांबडालाल चहा. फळ्यावर सेट वन, सेट टू, सेट थ्री असं लिहिलेलं असतं, आणि सेट टू म्हणजे काय हे नेहमीच्या गिऱ्हाइकाला वाचावं लागत नाही.

इंग्रजांचं हे सगळ्यात इंग्रजी खाणं लंडनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या बाहेरून आलेल्या लोकांनी रांधून घातलं. आधी इटालियन, मग सायप्रसचे ग्रीक आणि तुर्क, मग थेट तुर्कस्तानातले. बेथनल ग्रीन रोडवरचं पेलिची १९०० पासून एकाच इटालियन घराण्याकडे आहे. जून १९४० मध्ये मुसोलिनीनं युद्ध पुकारलं आणि ब्रिटिश सरकारनं इथल्या हजारो इटालियन पुरुषांना शत्रू ठरवून उचललं. त्यात कॅफेवाले, आइस्क्रीमवाले, वेटर होते. त्यांतल्या शेकडोंना कॅनडाला नेणारं 'अरँडोरा स्टार' हे जहाज २ जुलैला जर्मन पाणबुडीनं बुडवलं. आठशेहून अधिक माणसं गेली, त्यांतले चारशेहून अधिक इटालियन. आणि जे उरले त्यांनी परत येऊन त्याच रस्त्यांवर पुन्हा शटर वर केलं. बेकन जानेवारी १९४० पासून रेशनवर होतं, ते जुलै १९५४ मध्ये सुटलं, आणि सेट वन, सेट टूचे फळे भरत गेले. पुढची तीस-चाळीस वर्षं मी वाचून जाणते, त्यांच्याबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

माझं दशक सुरू होतं १९९८ ला. एका सरकारी हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत मी रात्रपाळी करत होते. रक्ताच्या नळ्या, मशीनची घरघर, आणि सकाळी आठला बाहेर पडलं की पोटात आग. खोली इतकी लहान की पाहुणा आला तर एकानं पलंगावर बसायचं. शनिवारी सकाळी घरी जाण्याआधी समोरच्या कॅफेत बसायची सवय लागली, आणि हळूहळू तिथं आमचा कंपू जमला. मिरजेची एक नर्स, माझ्याच हॉस्पिटलातली. सांगलीचा एक डॉक्टर, परीक्षांवर परीक्षा देणारा. डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीत ओळख झालेला नागपूरचा एक हिशेबनीस, शुद्ध शाकाहारी, अंडं तेवढं चालणारा. आयर्लंडची एक मिडवाइफ. आणि एक जमैकन बस ड्रायव्हर, जो आमच्या सगळ्यांच्या आधी या देशात आला होता आणि हे लंडन आम्हाला त्यानंच शिकवलं.

आधी एकच कॅफे होतं. मग ड्रायव्हरनं टूम काढली की दर महिन्याला एक शनिवार दुसरीकडे जायचं, आणि फ्राइड स्लाइस कुठे चांगला मिळतो ते पाहायचं. त्याला सगळे बसमार्ग तोंडपाठ. आम्ही होलोवेला गेलो, डेप्टफर्डला गेलो, वॉलवर्थ रोडला गेलो. २००५ मध्ये रसेल डेव्हिस यांचं पन्नास कॅफेंवरचं 'एग बेकन चिप्स अँड बीन्स' हे छोटं पुस्तक आलं, ते मिडवाइफनं विकत आणलं आणि मग आमचे शनिवार त्याच्या पानांप्रमाणे ठरू लागले.

पिमलिकोच्या रीजन्सी कॅफेत काळ्या टाइलच्या दर्शनी भागातून आत शिरलं की काउंटरवर पैसे भरायचे आणि टेबलावर जाऊन थांबायचं. तुमची प्लेट तयार झाली की काउंटरवरची बाई ती अख्ख्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात पुकारायची. मिरजेच्या नर्सला तो आवाज फार आवडायचा. ती म्हणायची, "ही बाई आमच्या ओपीडीत पाहिजे होती." पेलिचीत लाकडावर जडावाचं काम केलेल्या भिंती, १९४६ मध्ये आकिले कापोची यांनी केलेल्या, आणि त्या भिंतींना खेटून आम्ही अनोळखी माणसांच्या टेबलावर बसायचो. तिथं 'टेबल माझं' ही कल्पनाच नाही. शेजारचा टॅक्सीवाला बोलायला लागतो, तुम्ही बोलता, आणि बीन्स संपेपर्यंत त्याच्या मुलीच्या लग्नाची सगळी हकिगत कळलेली असते.

पण जीव होता तो आमच्याच कॅफेत. तिथली एक गोष्ट मी कधी विसरणार नाही. शाकाहारी मित्राचं अंडं बेकनच्या तव्यावर पडायला नको, हे त्यानं पहिल्या दिवशी संकोचत सांगितलं. मालकीणबाईंनी काही विचारलं नाही. पुढच्या शनिवारी तव्याच्या वरच्या खिळ्याला एक लहानसं काळं लोखंडी पॅन टांगलेलं दिसलं, दांड्याला निळा दोरा बांधलेला. त्या पॅनमध्ये फक्त सूर्यफुलाचं तेल आणि फक्त त्याचं अंडं, त्याचे मशरूम, त्याचा पाव. कामाला नवीन पोरगा आला की बाई आधी त्याला निळा दोरा दाखवायच्या. दुकान बंद होईपर्यंत ते पॅन त्या खिळ्यावर होतं. पुढे दुसरे शाकाहारी आले, मुसलमान गिऱ्हाइकं आली, त्यांनाही ते कामी आलं. आज प्रत्येक मेनूवर ॲलर्जीची लांबलचक यादी छापलेली असते आणि शेवटी लिहिलेलं असतं की आम्ही कशाचीच खात्री देऊ शकत नाही.

मालक दक्षिण सायप्रसमधल्या गावातून १९७४ नंतर बाहेर पडलेला तुर्की माणूस. त्याचा पाव मात्र ग्रीक सायप्रियट बेकरीतून यायचा. तो आणि बेकरीवाला सकाळी सहाला दारात उभे राहून त्यांच्या बेटावरच्या गावांची चौकशी करायचे. घर गमावलेल्या त्या माणसानं आमच्या वाट्याला एक टेबल कायमचं लावून दिलं. डॉक्टर नापास झाला तेव्हा तिथेच बसला होता. मिडवाइफच्या आईचा फोन तिथल्या लँडलाइनवर यायचा. माझे वडील गेल्याचं मला पहाटे कळलं आणि विमान रात्रीचं होतं, तो सगळा दिवस मी त्या टेबलावर काढला. मालकानं पैसे घेतले नाहीत आणि बाईंनी दर तासाला चहा बदलून ठेवला.

आपल्यातल्याच काही लोकांनी तेव्हा नाकं मुरडली होती, हेही आज सांगून टाकते. डुक्कर तळतात तिथं जाता, हॉस्पिटलात काम करून असलं खाता, चांगल्या घरातल्या बायका बस ड्रायव्हरांबरोबर बसतात का, अशी बोलणी मी हळदीकुंकवात ऐकली. बोलणाऱ्यांना या शहरात वीस-वीस वर्षं झाली होती आणि एकाही शेजाऱ्याचं नाव ठाऊक नव्हतं. मी त्या वेळी गप्प बसले, कारण नवीन होते. आता नवीन नाही. त्या ड्रायव्हरनं मला घरभाड्याच्या करारातली फसवणूक दाखवून दिली नसती तर माझी अनामत रक्कम गेलीच होती. ज्यांनी नाकं मुरडली त्यांच्यापैकी कुणी तो कागद वाचून द्यायला आलं नव्हतं.

२००७ हे वर्ष मला उतरणीची सुरुवात वाटतं. मार्चमध्ये बर्मिंगहॅममधल्या ॲस्टनचा एचपी सॉसचा कारखाना बंद झाला आणि उत्पादन हॉलंडला गेलं. बाटलीवर पार्लमेंटचं चित्र तसंच. ड्रायव्हरनं त्या दिवसापासून हा ब्राउन सॉस सोडला तो सोडलाच. १ जुलैला इंग्लंडभर बंद जागेत धूम्रपानाला बंदी आली. धूर गेला ते उत्तम झालं, माझ्या कपड्यांना रविवारपर्यंत वास यायचा. पण सकाळभर एका सिगारेटीवर बसणारे निवृत्त म्हातारे फुटपाथवर गेले, आणि थंडी पडल्यावर घरीच राहिले. त्यांच्या जागा भरल्या नाहीत.

आणि सप्टेंबरमध्ये पिकॅडिलीमागच्या डेनमन स्ट्रीटवरचं 'न्यू पिकॅडिली' बंद झालं. १९५१ चं, गुलाबी कॉफी मशीनचं, घोड्याच्या नालाच्या आकारातल्या मेनूचं. मालक लोरेंझो मारिओनी यांच्या वडिलांनी ते उघडलं होतं. शेवटच्या दिवसांत आम्ही गेलो तर बाहेर रांग. त्या रांगेतल्या निम्म्या लोकांच्या गळ्यात कॅमेरे होते. मला तेव्हा जो संताप आला तो अजून शमलेला नाही. हीच माणसं एरवी मंगळवारी दुपारी येऊन एक प्लेट पास्ता खात राहिली असती, तर वेगळं काही झालं असतं की नाही कोण जाणे, पण निदान निरोपाला येण्याचा हक्क तरी त्यांनी कमावला असता. पुढे वर्तमानपत्रांनी फॉर्मायकाची टेबलं, क्रोमच्या कडा, जुनी अक्षरं यांवर रकाने भरले. भाड्यावर मात्र कुणी चार ओळी लिहिल्या नाहीत.

भाडं हेच खरं कारण आहे. इथल्या दुकानांच्या जुन्या करारांत दर पाच वर्षांनी भाड्याचा फेरविचार होतो आणि बहुतेक वेळा तो फक्त वरच्या दिशेनं होऊ शकतो. बाजार पडला तरी भाडं उतरत नाही. पेलिचीला २००५ मध्ये संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला, तेव्हा आम्ही सगळे खूश झालो होतो. पण तो दर्जा भिंतीला मिळतो, तव्याला नाही. एसेक्स रोडवरचं आल्फ्रेडोज, 'क्वाड्रोफेनिया' या १९७९ च्या सिनेमात दिसलेलं, तिथं मालक बदलले, नावं बदलली, जुना थाट जपला गेला आणि कॅफे गेलं. त्यातच १ सप्टेंबर २०२० पासून सरकारनं दुकान, कॅफे, ऑफिस, बँक हे सगळं एकाच वर्गात टाकलं. आता कॅफेच्या जागी इस्टेट एजंट बसवायचा तर नियोजन खात्याची परवानगीही लागत नाही.

मधल्या वर्षांचं सांगण्यासारखं थोडंच आहे. डॉक्टर न्यूकॅसलला गेला, मिडवाइफ आयर्लंडला परतली, ड्रायव्हर गुडघ्यांमुळे बसमधून उतरला आणि पायी येऊ लागला. मार्च २०२० मध्ये सगळी कॅफे बंद झाली तेव्हा मालक खिडकीतून चहा द्यायला लागला. खाण्यावरचा व्हॅट काही काळ वीसवरून पाच टक्क्यांवर आणला होता, तो एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा वीसवर गेला, आणि त्याच वर्षी विजेचं आणि गॅसचं बिल असं आलं की बाईंनी तवा सातऐवजी नऊला तापवायला घेतला. रात्रपाळीची माणसं नऊपर्यंत थांबत नाहीत. ती गेली. मग भाड्याचं पत्र आलं.

आता आम्ही चौघं उरलोय आणि पलीकडच्या रस्त्यावरच्या एका तुर्की कॅफेत बसतो. फ्राइड स्लाइस बरा आहे, चहा उत्तम आहे, आणि तिथल्या कराराची दोन वर्षं शिल्लक आहेत. २०११ च्या लोकॅलिझम कायद्याखाली अशा जागेची परिसराच्या उपयोगाची वास्तू म्हणून नोंद करता येते. मग जागामालकाला ती विकायची असेल तर आधी नगरपालिकेला कळवावं लागतं आणि परिसरातल्या संस्थेनं रस दाखवला तर बोली लावायला सहा महिने मिळतात. भाडेवाढ त्यानं थांबत नाही, हे हिशेबनीस मला दर शनिवारी ऐकवतो, आणि त्याचं बरोबर आहे. तरी अर्ज लिहून झालाय. अर्ज करायला मतदार यादीतली एकवीस स्थानिक माणसं लागतात, ड्रायव्हरनं चौदा गोळा केली आहेत. उरलेल्या सातांसाठी येत्या शनिवारी मी ब्रंचच्या दुकानासमोरच्या बसस्टॉपवर कागद घेऊन उभी राहणार आहे.