पटावरील खरी चाल

ठाण्याहून कल्याण-डोंबिवलीकडे जाणाऱ्या लोकलमध्ये मोबाइलवर राज्ये उभारण्यात मग्न झालेले तरुण नित्य दिसतात. वडीलधाऱ्यांना त्यात केवळ पडद्यावर फिरणारे बोट दिसते. मग अशा व्यूहरचनेच्या खेळांत 'खेळणे' नेमके कशास म्हणावे?

पर्युषणात खेळल्या जाणाऱ्या ज्ञानबाजीत खेळाडूच्या हाती निवड नसते. दान पडेल तसे सोंगटीने शिडी चढावी वा सापाच्या मुखी जावे. सर्वांत वर सिद्धशिला. कर्मफलाचे दर्शन घडविणाऱ्या पटाला ते साजेसेच आहे. याउलट सिड मायर यांच्या १९९१ च्या 'सिव्हिलायझेशन'मध्ये पदोपदी निवड करावी लागते. धान्यकोठार बांधावे की सैन्य उभारावे? नवी वस्ती वसवावी की जुनीच सावरावी? असल्या पाळीपाळीच्या खेळात गाडी पुढच्या स्थानकात पोचेपर्यंत एकाच चालीचा विचार करावा, डाव थांबून राहतो. बोटांची चपळाई येथे गौण. एका गोष्टीसाठी दुसरी सोडणे आणि त्याचे परिणाम पुढे सोसणे, हाच खेळ.

२०१२ च्या 'क्लॅश ऑफ क्लॅन्स'मध्येही हल्ल्याची आखणी डोके चालवूनच करावी लागते. परंतु इमारत वाढविण्याची आज्ञा दिली की कित्येक तास, पुढे तर अनेक दिवस वाट पाहणे आले. रत्ने खर्चली की तेच काम क्षणात पुरे होते. आणि रत्ने पैशांनी विकत मिळतात. ही चाल नव्हे, निव्वळ खरेदी. मुलाने त्यासाठी पैसे मागितल्यास पालकांनी आधी एवढेच विचारावे, की यातून तुला नवी चाल कोणती मिळणार?