परसातली कोंबडी, भाग ७ : टोचण्याचा क्रम

कोंबड्यांच्या कळपात कोणी कोणाला टोचायचे हे ठरलेले असते. वरची कोंबडी खालचीला टोचते. खालची उलट टोचत नाही, मान खाली घालून बाजूला होते. नॉर्वेचे थोर्लाइफ शेल्डेरुप-एब्बे लहानपणापासून घरच्या कोंबड्यांच्या नोंदी ठेवत असत. हा क्रम त्यांनी १९२२ मध्ये शास्त्रीय भाषेत मांडला. तो नेहमी सरळ उतरंडीचा नसतो, हेही त्यांच्याच लक्षात आले. पहिली दुसरीला टोचते, दुसरी तिसरीला, आणि तिसरी मात्र पहिलीला, असे त्रिकोणही कळपात असतात.

क्रम एकदा बसला की मारामारी कमी होते. वरचीने नुसते रोखून पाहिले तरी खालची दाण्यावरून हटते. शांत कळपात समानता असते असे नाही. तिथे फक्त वाद मिटलेला असतो. पिल्ले साधारण सहा ते दहा आठवड्यांची झाली की हा वाद सुरू होतो, नरांमध्ये जरा आधीच. वजनापेक्षा धिटाई आणि अनुभव जास्त चालतो, म्हणून बारकी गावठी कोंबडी अंगाने दुप्पट असलेल्या गिरिराज जातीच्या कोंबडीला पळवून लावताना दिसते. पीसगळ सुरू झालेली, तुरा आकसलेली कोंबडी मात्र काही दिवसांत दोन पायऱ्या खाली येते.

उल्हासनगरच्या कॅम्प नं. ३ मध्ये ही व्यवस्था बिघडते, आणि त्याला कारण जागा. दुसऱ्या महायुद्धातला कल्याणचा लष्करी तळ फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना राहायला दिला गेला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्याला उल्हासनगर हे नाव मिळाले. पत्ते अजूनही बॅरेक आणि सेक्शनच्या क्रमांकांनी सांगितले जातात. दोन बॅरेकींमधल्या मोकळ्या पट्ट्या मात्र वाढीव खोल्यांनी बहुतेक भरून गेल्या. कोंबड्यांच्या वाट्याला येते ती घरामागची बोळ, ओट्याखालची जागा किंवा पत्र्यावरचा कोपरा. रानात हरलेली कोंबडी चार ढांगांत झुडपाआड जाते आणि भांडण तिथेच संपते. तीन बाजूंनी भिंत असलेल्या बोळीत तिला आड व्हायला काही नाही. ती हरल्याची खूण करते, पण नजरेआड होत नाही. म्हणून मार खातच राहते. भांडखोर कोंबडी असा जो शेरा मारला जातो, तो बहुतेक वेळा त्या बोळीवर मारायला हवा.

उपायाची सुरुवातही तिथूनच. रात्रीच्या खुराड्यात प्रत्येक कोंबडीला किमान दीड ते दोन चौरस फूट आणि बसायच्या दांडीवर २० ते २५ सेंटिमीटर जागा हवी. सगळ्या दांड्या एकाच उंचीच्या ठेवाव्यात, नाहीतर वरच्या दांडीसाठी रोज संध्याकाळी झटापट होते. दाण्याची आणि पाण्याची भांडी एकाऐवजी दोन ठेवावीत, तीही एका ठिकाणाहून दुसरे दिसणार नाही अशी. वरची कोंबडी एका वेळी एकाच भांड्यावर पहारा देऊ शकते. एप्रिल-मेच्या उकाड्यात पाण्याची गरज जवळजवळ दुप्पट होते, तेव्हा दुसऱ्या भांड्यावरच खालच्या कोंबडीचा जीव तगतो. बोळीत प्लायवूडचा एक तुकडा आडवा उभा केला, दोन्ही टोकांना वाट ठेवली, की आडोसा तयार होतो. त्याच्या मागे कोपरा होता कामा नये. कोपऱ्यात शिरलेली कोंबडी सापडते.

खाली पसरायला भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा लागतो. कॅम्प ३ मध्ये फर्निचरच्या दुकानांमुळे भुशाला तोटा नाही, पण सगळा भुसा सारखा नसतो. रंध्याची सालपटे चांगली. प्लायवूड आणि एमडीएफ कापताना पडणारी पीठासारखी भुकटी नको, तिच्यात गोंद असतो आणि ती श्वासनळीत जाते. पावसाळ्यात भुसा भिजला की अमोनियाचा वास सुटतो, डोळे चुरचुरतात आणि कोंबड्या चिडचिड्या होतात. जीन्सच्या कारखान्यांजवळ आणखी एक धोका असतो तो दोऱ्यांचा. लांब दोरा पायात गुंडाळला जातो किंवा गिळला जाऊन गळ्याखालच्या पिशवीत गोळा होऊन बसतो. लंगडी किंवा मलूल कोंबडी लगेच सगळ्यांची गिऱ्हाईक होते.

टोचणे दोन प्रकारचे असते आणि त्यांची गल्लत केली की उपाय चुकतो. क्रमासाठीचे टोचणे डोक्यावर, तुऱ्यावर असते. झटक्यात होते आणि समोरची हटली की थांबते. पाठीवरची, शेपटीच्या बुडाची पिसे शांतपणे एक एक उपटून खाणे हा निराळा प्रकार आहे. त्यात राग नसतो. उकरायला माती नाही, चोचीला उद्योग नाही, म्हणून चोच शेजारणीच्या पिसांकडे वळते. शिळा भात आणि पाव यांवर ठेवलेल्या कोंबड्यांत हे जास्त दिसते, कारण त्यात प्रथिने तोकडी पडतात. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात १६ ते १८ टक्के प्रथिने आणि वर शिंपल्यांचा चुरा हवा. सिंधी घरांतला पापडाचा चुरा कोंबड्या आवडीने खातात, पण त्यातले मीठ त्यांना, विशेषतः पिल्लांना, बाधते. मंडईतला कोबीचा पाला किंवा मेथीच्या जुड्या चोचीच्या उंचीवर टांगाव्यात, एका घमेल्यात कोरडी माती आणि राख ठेवावी. लोळण्याने उवाही कमी होतात. चोच कापणे हा मोठ्या पोल्ट्रीतला उपाय सहा कोंबड्यांच्या घरात आणण्याचे काहीच कारण नाही.

नवी कोंबडी आणली की जुना क्रम मोडतो आणि सगळ्यांचे हिशेब पुन्हा होतात. आधी तिला किमान दोन, जमल्यास चार आठवडे वेगळे ठेवावे; बाजारातून ती रोग घेऊन आलेली असू शकते. मग आठवडाभर जाळीच्या पलीकडे, जुन्यांना दिसेल अशी. एकटी सोडू नये. दोघी-तिघी एकदम सोडल्या की मार वाटला जातो. तलंगा अंगाने जुन्या कोंबड्यांएवढ्या होईपर्यंत थांबावे. रात्री अंधारात दांडीवर नेऊन बसवण्याची पद्धत सर्रास सांगितली जाते. तिने भांडण टळत नाही, पहाटेवर ढकलले जाते. तेव्हा खुराड्यापाशी कोणी उठून उभे राहणार असेल तरच ती वापरावी. सुटल्यावर मानेची पिसे फुलवणे, एकमेकींवर उडी घेणे, तुरा धरणे हे सगळे होणार. अर्ध्या मिनिटात एक हटली तर मध्ये पडू नये. रक्त दिसले किंवा दोघी-तिघींनी मिळून एकीला घेरले, तरच हात घालावा.

गटारीआधीच्या दिवसांत याच्या नेमके उलटे घडते. मुरबाड-शहापूरकडून आणलेला गावठी कोंबडा आषाढी अमावास्येपर्यंत ठेवायचा म्हणून घरच्या कोंबड्यांतच पायाला सुतळी बांधून ठेवला जातो. बांधलेला पक्षी पळू शकत नाही, त्यामुळे घरचा कोंबडा असेल तर तो त्याला झोडपून काढतो. चार दिवसांचा पाहुणा असला तरी त्याला वेगळ्या डालग्याखाली, लांब ठेवावे.

एखादी कोंबडी सगळ्यांनाच छळत असेल तर छळणारीला तीन-चार दिवस बाहेर काढावे, मार खाणारीला नव्हे. बाहेर गेलेला पक्षी परततो तेव्हा त्याची जागा गेलेली असते. मार खाणारीला काढले तर ती आणखी खाली उतरते. छळणारीला काढले तर तिचा तोरा उतरतो.

अंडी मिळण्यासाठी कोंबडा लागत नाही, तो फक्त पिल्लांसाठी लागतो. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. पाच कोंबड्यांत दोन ठेवले तर ते एकमेकांशी भांडतातच, शिवाय कोंबड्यांच्या पाठीवरची पिसे झडतात. भिंतीला भिंत लागलेल्या वस्तीत आरवणे हा शेजाऱ्यांशी भांडणाचा विषय होतो. जपानच्या नागोया विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले की कोंबडा बाहेरचा उजेड नसतानाही शरीरातल्या घड्याळावर आरवतो, आणि २०१५ मध्ये असे की पहिली बांग वरच्या क्रमाचा कोंबडा देतो, बाकीचे त्याच्यामागून क्रमाने. कोंबडे झाकले तरी तांबडे फुटायचे राहत नाही, ही म्हण शेजाऱ्यांच्या दृष्टीने खरी आहे: झाकल्याने आवाज दबतो, आरवणे थांबत नाही. झुंजी लावणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार गुन्हा आहे.

खुडूक बसलेली कोंबडी एरवी गरीब असली तरी अंग फुगवून अंगावर येते आणि अंड्याचे खोके अडवून ठेवते. चार-पाच कोंबड्यांमागे एक खोके असावे, पुढे गोणपाटाचा पडदा असावा. उघड्या खोक्यात अंडे घालताना लाल दिसणारा भाग दुसऱ्या कोंबड्या टोचतात आणि त्यातून जीवघेणी जखम होते. पिल्ले काढायची नसतील तर खुडूक कोंबडीला तीन-चार दिवस जाळीच्या तळाच्या, हवेशीर पिंजऱ्यात दाणापाणी देऊन ठेवावे. पाण्यात बुडवणे, नाकपुडीत पीस अडकवणे हे जुने उपाय निव्वळ छळ आहेत.

लाल रंगाकडे कोंबड्या ओढल्या जातात, म्हणून जखमी पक्षी तत्काळ वेगळा करावा. जखम मिठाच्या कोमट पाण्याने धुऊन पातळ केलेले पोव्हिडोन आयोडीन लावावे. पावसाळ्यात माश्या बसून एक-दोन दिवसांत अळ्या पडतात. रोज पिसे बाजूला करून पाहावे. जखम पूर्ण सुकेपर्यंत कळपात सोडू नये, पण जाळीतून बाकीच्या तिला दिसू द्याव्यात, म्हणजे ती परकी होत नाही.

वरच्या क्रमाची कोंबडी एकाएकी मार खाऊ लागली तर आजाराची शंका घ्यावी. माणसाच्या आधी कळपाला ते कळते. मान वाकडी होणे, हिरवी पातळ विष्ठा ही रानीखेतची लक्षणे. तो होऊ नये म्हणून पिल्लांना वयाच्या पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी लस देतात. एकापाठोपाठ पक्षी मरू लागले तर बर्ड फ्लूही असू शकतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे जिल्ह्यातच, शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत तो आढळला आणि एक किलोमीटर परिघातले पक्षी मारावे लागले. अशा वेळी उरलेले पक्षी विकू नयेत, कोणाला देऊ नयेत. मेलेल्यांना उघड्या हातांनी धरू नये, कचराकुंडीत किंवा वालधुनी नदीत टाकू नये. १९६२ या पशुवैद्यकीय क्रमांकावर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. नमुने घेऊन होईपर्यंत मेलेला पक्षी दुहेरी पिशवीत बंद करून मुले, मांजरे आणि कावळे पोचणार नाहीत असा ठेवावा.