हिवाळ्यातील समुद्र आणि गरीची मासेमारी

आपल्या न्यासाच्या महोत्सवी स्मरणिकेत समुद्रावर लेख कशासाठी, असा प्रश्न काही सभासदांना पडेल. नल्लकुंटा या नावाचा तेलुगूतील अर्थ 'काळे तळे'. आपल्याला मासा माहीत आहे तो रामनगरच्या बाजारातील मरळ आणि रोहू. कोकणचा समुद्र येथून पाचशे किलोमीटरहून अधिक दूर. तथापि नाताळच्या सुटीत आपल्यातील बरीच कुटुंबे रत्नागिरी, मालवण किंवा गोव्याकडे जातात, आणि मुले कातळावर बसून गरी टाकण्याचा हट्ट धरतात. अशा वेळी समुद्राविषयी चार गोष्टी ठाऊक असणे हौसेपुरते नव्हे, तर जिवाच्या सुरक्षिततेसाठीही अगत्याचे आहे. म्हणून हा विषय आम्ही निवडला.

गरी म्हणजे दोरी, शिशाचे वजन आणि आमिष लावलेला गळ. जाळे एका वेळी शेकडो मासे आणते. गरीला एका वेळी एकच मासा लागतो. म्हणून गरवणाऱ्याला मासा केव्हा, कोठे आणि का येतो, हे आधी समजून घ्यावे लागते. कोकण किनाऱ्यावरील कोळी, गाबीत, खारवी, भंडारी आणि दालदी मुसलमान यांनी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे. तिचे तीन आधार आहेत : पाणी, वारा आणि चंद्र.

प्रथम पाण्याचा विचार करू. पावसाळ्यात नद्यांचा गाळ समुद्रात येतो आणि किनाऱ्याजवळचे पाणी गढूळ होते. कार्तिकानंतर गाळ खाली बसतो आणि पाणी निवळते. याच सुमारास ईशान्येकडून कोरडे, थंड वारे वाहू लागतात. उत्तर अरबी समुद्रात या वाऱ्यांमुळे बाष्पीभवन वाढते, वरचे पाणी गार व जड होऊन खाली जाते आणि खालचे पोषक द्रव्यांनी युक्त पाणी वर येते. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि त्यांवर सूक्ष्म जीव. तारली, बांगडा यांसारखे लहान मासे या खाद्यावर जगतात आणि त्यांच्या मागे सुरमई, रावस यांसारखे मोठे मासे येतात.

मासा हा शीतरक्ताचा प्राणी आहे. पाण्याची उष्णता कमी झाली की त्याची भूक आणि हालचाल मंदावते. कोकणचे पाणी जानेवारी-फेब्रुवारीतही २५-२६ अंश सेल्सिअसच्या आसपास असते; त्यामुळे येथे हिवाळ्यात मासेमारी थांबत नाही. मात्र खाडीच्या उथळ पाण्यातील जिताडा थंडीच्या लाटेत काहीसा सुस्त होतो. शिवाय निवळ पाण्यात माशाला दोरी दिसते. म्हणून हिवाळ्यात दोरी बारीक घ्यावी आणि वेळ पहाटेची किंवा सूर्यास्ताची निवडावी.

दूर देशांतही हाच न्याय दिसतो. मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, बाहा कॅलिफोर्निया येथे, पिसे व केस गळाला बांधून लहान माशाची नक्कल करतात आणि वजनदार दोरीच्या झोकाने ती दूर फेकतात. या आमिषाला स्वतःचे वजन जवळजवळ नसते, म्हणून समोरून वारा आला की फेक फसते. तेथे हिवाळ्यात उत्तरेचा वारा अनेक दिवस वाहतो. उन्हाळ्यातील काही मासे दक्षिणेकडे सरकतात आणि त्यांच्या जागी 'सिएरा' नावाचा मासा किनाऱ्याजवळ येतो. हा आपल्या सुरमईच्याच कुळातला आहे. भूगोल निराळा, पण गरवणाऱ्याची चिंता तीच : आज वारा कोठून आहे?

कोकणात हिवाळ्याच्या पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. यालाच मतलई वारा म्हणतात. त्याच्यामुळे किनाऱ्याजवळचे पाणी सपाट राहते. दुपारच्या सुमारास जमीन तापली की वारा उलटतो आणि वायव्येकडून खारा वारा सुटतो. पाणी खवळते आणि दोरी हाताला नीट लागत नाही. म्हणून जाणते लोक सकाळी लवकर जाऊन ऊन चढताच परततात.

याखेरीज एक वारा असा आहे की जो आपल्याला जाणवतच नाही. इराणच्या आखाताच्या परिसरात हिवाळ्यात वायव्येकडून जोराचा वारा सुटतो. अरबीत त्याला 'शमाल' म्हणतात. आपल्या हैदराबादी उर्दूत उत्तर दिशेला 'शुमाल' म्हणतात, तोच हा शब्द. या वाऱ्याने उठलेल्या लाटा अरबी समुद्र ओलांडून एक-दोन दिवसांत आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचतात. येथे आकाश निरभ्र, वारा शांत, आणि तरीही कातळावर अकस्मात मोठी लाट चढते. शांत हवा म्हणजे शांत समुद्र, हा समज म्हणूनच धोक्याचा आहे.

तिसरा आधार चंद्राचा. भरती-ओहोटीचा अंदाज काढण्याची कोकणातील रीत सोपी आहे. तिथीच्या अंकाला तीनाने गुणावे आणि चाराने भागावे; येईल तो पूर्ण भरतीचा सुमारे तास. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, पौर्णिमेला व अमावास्येला सव्वाअकरा. हा हिशेब दोन्ही पक्षांना आणि दिवस-रात्र दोन्ही भरत्यांना लागू पडतो. हिजरी तारखेवरूनही तो करता येतो. पंधरानंतरच्या तारखेतून पंधरा वजा करावे. चंद्रदर्शनावर महिना सुरू होत असल्याने तिथीशी एक-दोन दिवसांचा फरक पडतो, तो ध्यानात ठेवावा. स्थळपरत्वेही वेळ पाऊण-एक तास मागेपुढे होते. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते.

पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते. पाणी पुष्कळ चढते आणि पुष्कळ उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग असते, चढउतार थोडा. मुंबईस उधाणाचा चढउतार चार-पाच मीटरपर्यंत जातो, तर सिंधुदुर्ग-गोव्याकडे तो दोन मीटरच्या आसपास असतो. वाहत्या पाण्यात लहान मासे ढकलले जातात आणि मोठे मासे त्यांची वाट पाहतात. म्हणून थांबलेल्या पाण्यापेक्षा चढते पाणी गरीला बरे. दशमी-एकादशीची सकाळ या दृष्टीने उत्तम : पहाटे पाणी चढत असते आणि मतलई वाराही टिकून असतो.

आता धोका पाहा. पाणी सहा तास एकाच वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले, तर ते तासागणिक सुमारे एक, दोन, तीन, तीन, दोन, एक असे चढते. म्हणजे निम्मे पाणी मधल्या दोनच तासांत येते. पौर्णिमेला ओहोटी पहाटे पाचच्या सुमारास पुरी होते. सूर्योदयाला लांबवरचे कातळ उघडे दिसतात आणि नवखा माणूस चालत तेथवर जातो. सात ते नऊ या दोन तासांत पाणी वेगाने वाढते आणि बहुधा आधी मागची सखल वाट बुडवते. गरवणाऱ्याचे लक्ष मात्र पुढे असते. कातळावर अडकणे असे घडते.

या संदर्भात आपल्या शहराविषयी एक अभिमानाची गोष्ट सांगावीशी वाटते. १९९९ साली स्थापन झालेले भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र हैदराबादेतच, प्रगतीनगर येथे आहे. उपग्रहांनी मोजलेली पाण्याची उष्णता आणि सूक्ष्म वनस्पतींचे हरितद्रव्य यांवरून मासे कोठे मिळण्याचा संभव आहे, हे ते मच्छीमारांना कळविते. उंच लाटांचा इशाराही देते. हिवाळ्यात ढग नसल्याने उपग्रहांची दृष्टी स्वच्छ असते. समुद्र नसलेल्या आपल्या शहरातून समुद्रावरच्या माणसांना सूचना जाते, हे आपल्या मुलांना अवश्य सांगावे.

जाणाऱ्या कुटुंबांनी एवढे पाळावे. निघण्यापूर्वी तिथी आणि लाटांचा इशारा पाहावा. कातळावर उतरण्याआधी पंधरा मिनिटे लाटा न्याहाळाव्यात. ओल्या, शेवाळलेल्या भागावर बसू नये. समुद्राकडे पाठ करू नये. लांब दोर आणि झाकण घट्ट बसविलेला रिकामा प्लास्टिकचा डबा जवळ ठेवावा. कोणी पडलाच तर पाठोपाठ उडी न घालता तो फेकावा. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली आहे. तेव्हा लहान मासा लागल्यास ओल्या हाताने सोडवून पाण्यात सोडावा. आणि गावातील जाणता मच्छीमार 'आज नको' म्हणाला, तर गरी गुंडाळून घरी परतावे. मासा दुसऱ्या दिवशीही मिळतो.