कट्टा, वसतिगृह आणि मराठी पडद्यावरची दंगामस्ती

महाविद्यालयीन पोरांच्या दांडगाईवर विनोदी चित्रपट काढण्याच्या परंपरेला आजचे रूप दिले ते १९७८ साली अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या, जॉन लँडिस दिग्दर्शित ‘अ‍ॅनिमल हाउस’ या चित्रपटाने. ‘नॅशनल लॅम्पून’ या विनोदी मासिकाच्या वर्तुळातील हॅरॉल्ड रॅमिस, डग्लस केनी आणि ख्रिस मिलर यांनी लिहिलेली ही कथा १९६२ सालच्या फेबर नावाच्या काल्पनिक महाविद्यालयात घडते आणि तिच्या केंद्रस्थानी ‘फ्रॅटर्निटी’ आहे. फ्रॅटर्निटी म्हणजे ग्रीक अक्षरांचे नाव धारण करणारी, स्वतःचे घर असलेली आणि पारखून निवडलेल्या मुलांनाच आत घेणारी विद्यार्थ्यांची निवासी संघटना. चित्रपटातील डेल्टा हे घर अशा सर्व घरांनी नाकारलेल्या मुलांचे असून, महाविद्यालयाचे प्रमुख डीन वर्मर ते बंद पाडण्यासाठी टपलेले असतात. अखेरीस ही मुले गावची मिरवणूक उधळून सूड उगवतात. जॉन बेलुशीने साकारलेला, साऱ्या विषयांत नापास झालेला ब्लुटो पुढे सिनेटर झाला, अशी ओळ शेवटी पडद्यावर येते. दंगा करणाऱ्याला दंग्याची किंमत मोजावी लागत नाही, हा या विनोदाचा पाया आहे.

महाराष्ट्रात विद्यार्थ्यांचे ‘घर’ उभे राहिले ते वेगळ्याच गरजेतून. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि पुढे जैन, मुस्लिम, लिंगायत व अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतील मुलांसाठी स्वतंत्र वसतिगृहे निघाली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी तर १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवणारे वसतिगृह काढले. खेड्यातून शिकायला आलेल्या मुलाला दोन वेळचे जेवण आणि डोक्यावर छप्पर मिळावे, म्हणून या संस्थांनी दार उघडे ठेवले. अशा वसतिगृहातील खोलीमागे आईबापांनी पोटाला दिलेला चिमटा असतो, आणि मराठी चित्रपटाने वसतिगृहाला डेल्टासारखे धिंगाण्याचे घर सहसा का बनवले नाही, याचे एक कारण या इतिहासात शोधता येते.

मराठी पडद्यावर त्या घराची जागा कट्ट्याने घेतली. कट्टा म्हणजे महाविद्यालयाच्या आवारातील किंवा चहाच्या टपरीजवळची बसायची जागा आणि तिथे जमणारे टोळकेही. सुहास शिरवळकर यांच्या कादंबरीवरून संजय जाधव यांनी २०१३ साली काढलेल्या ‘दुनियादारी’त पुण्यातील असाच कट्टा, त्याचा म्होरक्या दिग्या आणि प्रतिस्पर्धी साई यांची हमरीतुमरी रंगते, परंतु शेवट नायक श्रेयसच्या मृत्यूने होतो. आदित्य सरपोतदार यांच्या ‘क्लासमेट्स’ (२०१५) या मल्याळम चित्रपटाच्या मराठी अवतारातही महाविद्यालयीन राजकारण आणि टवाळकी यांच्या तळाशी एक मृत्यू दडलेला आहे. त्याआधी चंद्रकांत कुलकर्णी यांचा ‘बिनधास्त’ (१९९९) मुलींच्या महाविद्यालयात घडला आणि पडद्यावर केवळ स्त्रियाच ठेवण्याचे धाडस त्याने केले. तरी त्याचाही कणा खुनाच्या रहस्याचा होता. मध्यंतरापर्यंत हसवायचे आणि नंतर डोळ्यांतून पाणी काढायचे, हा साचा इतक्या वेळा दिसतो की त्याला केवळ व्यावसायिक हिशेब म्हणून बाजूला सारता येत नाही.

त्याचा उलगडा सोलापूर जिल्ह्याने करून दिला. करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे यांनी आपल्याच परिसरात चित्रित केलेला ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला, आणि त्याचा पूर्वार्ध हा मराठीतील सर्वांत जिवंत महाविद्यालयीन विनोद आहे, असे निःसंकोच म्हणावे लागेल. परश्या, लंगड्या आणि सल्या या तिघांची क्रिकेटची खुमखुमी, चिठ्ठ्यांची देवाणघेवाण आणि करमाळ्याकडची रांगडी बोली यांत कुठेही पुण्या-मुंबईची उसनवारी नाही. याच मुलांच्या महाविद्यालयात परश्याची प्रेयसी आणि पाटलांची लेक आर्ची हिचा भाऊ प्रिन्स भर वर्गात प्राध्यापकांच्या थोबाडीत मारतो. ‘अ‍ॅनिमल हाउस’मध्ये सत्ता डीनच्या हाती असते, म्हणून त्याची फजिती करणे हा पोरांचा विजय ठरतो, इथे शिक्षकच दुबळा आहे, कारण खरी सत्ता वर्गाबाहेर, पाटलांच्या वाड्यात आणि जातीच्या उतरंडीत आहे. त्या सत्तेशी केलेली मस्ती मिरवणूक उधळून संपत नाही. आर्ची-परश्याच्या खुनाचा शेवट महाराष्ट्राला ठाऊक आहेच, आणि तो कारुण्यासाठी ओढूनताणून आणलेला नसून पहिल्या तासातील हशातच पेरलेला आहे.

एका बाबतीत तर ‘सैराट’ अमेरिकी चित्रपटाच्या कितीतरी पुढे गेला. ‘अ‍ॅनिमल हाउस’मध्ये शिडीवर चढून मुलींच्या खोलीत चोरून डोकावणारा ब्लुटो विनोदाचा विषय होतो, आणि ते दृश्य आज पाहवत नाही. ‘सैराट’मध्ये मुले विहिरीत डुंबत असताना आर्ची मैत्रिणींसह येऊन त्यांनाच बाहेर काढते आणि स्वतः पाण्यात उतरते, बुलेटवरून महाविद्यालयात येणारी आणि ट्रॅक्टर हाकणारी ही मुलगी दांडगाईचा मक्ता मुलांकडून हिसकावून घेते. अकलूजच्या रिंकू राजगुरूला या भूमिकेसाठी राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला, तो सर्वथा उचित होता.

असे असले तरी रडण्याकडे न वळणारा, अथपासून इतिपर्यंत हसवणारा आणि तरीही खोटा न वाटणारा महाविद्यालयीन चित्रपट मराठीला हवा आहे. त्याची सामग्री सोलापुरात मुबलक आहे. १९४० सालचे दयानंद आणि १९५३ सालचे संगमेश्वर अशी जुनी महाविद्यालये, मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू एकाच बाकावर बोलणारी गिरणगावातील मुले, आणि केवळ एका जिल्ह्यासाठी २००४ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाचा युवा महोत्सव, ज्यात प्रहसन म्हणजे छोटे विनोदी नाट्य, मूकनाट्य आणि नकला यांच्या स्पर्धा होतात, एवढे भांडवल हाताशी आहे. मराठी निर्मात्यांनी पुढची पटकथा मागवण्यापूर्वी या महोत्सवाच्या मांडवात एक दिवस बसावे.